चोराला वर्षं, साव माणसाला हेलपाटे

विधिमंडळाचं अधिवेशन आलं की कुणीतरी सदस्य उठतो आणि म्हणतो, कायदा कडक करा. बाकं वाजतात, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते आणि आपणही म्हणतो, बरं झालं, कुणीतरी बोललं एकदाचं. मंडळी, मला या 'कडक' शब्दाचाच आताशा कंटाळा आलाय. चहा कडक असावा. कायदा उपयोगी असावा.

शक्ती विधेयकाचंच बघा. 14 डिसेंबर 2020 ला ते मांडलं गेलं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि वर्षभराने, डिसेंबर 2021 मध्ये, मंजूर झालं. त्यात फाशीपर्यंतच्या शिक्षा होत्या. फोनवरून, इंटरनेटवरून बायकांना छळणाऱ्यांसाठी वेगळं कलम होतं. तपासाला माहिती न देणाऱ्या कंपन्यांना दंड होता. हेतू चांगलाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फौजदारी कायदा पडला समवर्ती सूचीत. केंद्राच्या कायद्यापेक्षा वेगळं काही करायचं तर राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळाली नाही. तेवढ्यात 1 जुलै 2024 ला भारतीय दंड संहिताच गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. म्हणजे ज्या झाडावर हे कलम बांधायचं होतं ते झाडच तोडलं गेलं!

आता ओळखचोरीबद्दल तीच मागणी ऐकतो आहे. दुसऱ्याच्या नावाने खातं उघडणं, दुसऱ्याच्या आधार-पॅनवर कर्ज उचलणं, दुसऱ्याचा फोटो लावून पैसे मागणं. यासाठी नवा कडक कायदा हवा म्हणे.

अहो, कायदा आहे की! माहिती तंत्रज्ञान कायद्यात 66-सी हे कलम खास ओळखचोरीचंच आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची खूण लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. त्याला लागून 66-डी, संगणकाच्या मदतीने तोतयेगिरी करून फसवण्याचं. शिक्षा तेवढीच. डिसेंबर 2008 मध्ये संसदेने ही दुरुस्ती चर्चा न करताच मंजूर केली आणि 27 ऑक्टोबर 2009 पासून ती लागू आहे. जुन्या दंड संहितेत तोतयेगिरीच्या फसवणुकीला तीन वर्षं होती, न्याय संहितेच्या 319 व्या कलमाने ती पाच केली. म्हणजे कडकपणा वाढवूनही झाला. मग अडलंय कुठे?

मी जन्मभर मराठीचं व्याकरण शिकवलं, म्हणून मला ते व्याकरणातच दिसतं. या कलमांची वाक्यं वाचा. कर्ता आहे, तो चोर. क्रियापद आहे, फसवणं. कर्म बहुतेक वेळा बँक किंवा फायनान्स कंपनी, कारण पैसे तिचे गेले. आणि ज्याचं नाव वापरलं तो? तो वाक्यात फक्त षष्ठीपुरता. 'दुसऱ्याची' सही, 'दुसऱ्याचा' पासवर्ड. त्याचं पुढे काय होतं, याला कायद्यात जागाच नाही.

माझा एक जुना विद्यार्थी, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्याचं लहानसं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला नोटीस आली की तुम्ही हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलचे पैसे थकले आहेत. ज्या शहरातून तो मोबाईल घेतला गेला तिथे हा कधी गेलेला नाही. तो पोलीस ठाण्यात गेला. उत्तर मिळालं, गुन्हा जिथे घडला तिथे जा. दुसरीकडे गेला, ते म्हणाले सायबरवाल्यांकडे जा. तिथे सांगितलं, कंपनीचं पत्र आणा. कंपनी म्हणाली, आधी एफआयआर आणा. झालं वर्तुळ पूर्ण! दरम्यान त्याची पत घसरली आणि मुलीचं शैक्षणिक कर्ज अडकलं. ॲडमिशनची तारीख काही थांबत नाही. शेवटी बायकोच्या मंगळसूत्राखेरीज सगळं सोनं गहाण पडलं. "सर, मी काहीच केलं नाही, हे मी कुणापुढे सिद्ध करू?" असं तो मला विचारत होता. मी काय सांगणार, कपाळ?

आणि गंमत अशी, की हद्द कुणाचीही असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमात लिहिलेलं आहे. पुन्हा 66-सी सारख्या गुन्ह्याचा तपास करायला इन्स्पेक्टरच्या खालचा अधिकारी चालत नाही. एका ठाण्यात इन्स्पेक्टर असतात किती आणि त्यांच्यामागे बंदोबस्त किती! शिक्षा तीनची तीस वर्षं करा, तक्रार टेबलावरून पुढेच सरकली नाही तर त्या तीसचं काय लोणचं घालायचं?

आमच्या गुलमंडीवर उधारीचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला. सुपारी हनुमानाच्या आसपासच्या कापडवाल्यांकडे कुणी नवा गिऱ्हाईक उधार मागायला आला की पहिला प्रश्न, "कुणाचा रे तू?" मग आजोबांपर्यंत चौकशी. एवढी चौकशी कशासाठी? कारण माणूस खोटा निघाला तर बुडणार दुकानदाराचं. भलत्याच माणसाला अमक्याचा मुलगा समजून कापड दिलं, तर तो त्या अमक्याच्या दारात वसुलीला जाऊ शकत नव्हता. गेला असता तर अख्ख्या बाजारात हसू झालं असतं. ओळख पटवणं हे उधार देणाऱ्याचं काम आणि चुकलं तर भुर्दंडही त्याचाच, हा साधा बाजारी न्याय.

आज नेमकं उलटं झालंय. कर्ज पाच मिनिटांत. चौकशी म्हणजे एक झेरॉक्स आणि एक ओटीपी. चुकलं तर कंपनी म्हणते, नाव तुमचं आहे, तुम्हीच निस्तरा. निष्काळजीपणा तिचा, दंड आपल्याला.

झेरॉक्सचं तर विचारूच नका. लॉजमध्ये द्या, सिमकार्डाला द्या, शाळेत द्या, भाड्याच्या खोलीला द्या. ती कागदं नंतर कुठे जातात? मे 2022 मध्ये आधारवाल्यांच्याच एका कार्यालयाने सूचना काढली होती की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका. दोन दिवसांत ती मागे घेतली आणि सांगितलं, नेहमीची सावधगिरी बाळगा. म्हणजे सावध आपणच राहायचं, मागणारा मोकळा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे, पण तो जमा होतो सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातात काय? तर झेरॉक्सची पावती!

माझा पुण्याचा पुतण्या म्हणतो, "काका, शिक्षा वाढल्याशिवाय धाक बसत नाही." त्याला मी आपल्याच इतिहासातला तोतया आठवून देतो. पानिपतावर 1761 साली सदाशिवरावभाऊ पडले आणि काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणणारा एक जण उभा राहिला. तो कैदेत होता, पण 1776 मध्ये ज्याच्या ताब्यात होता त्या अधिकाऱ्यानेच त्याला बाहेर काढलं आणि कोकणात बंड माजलं. त्याच वर्षअखेरीला पुण्यात त्याला देहदंड झाला. याहून कडक शिक्षा कोणती? तिचा धाक त्याला होता का? बंड वाढलं ते शिक्षा कमी होती म्हणून नव्हे. ओळख पारखणं ज्यांचं काम, त्यांनीच डोळे मिटले म्हणून वाढलं.

मग आमदारांनी करावं काय? पोलीस हा विषय राज्य सूचीतला आहे. आपल्याच ठाण्यांना शिस्त लावायला दिल्लीची वाट बघावी लागत नाही. पहिलं, ज्याचं नाव चोरीला गेलं त्याच्या राहत्या भागातल्या ठाण्याने तक्रार घेतलीच पाहिजे, आणि न घेणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारला गेला पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. शिवाय नाव चोरीला गेलेल्याला तिथे न्यायाधीशाकडून 'हा निर्दोष आहे' असा निर्णयही मागता येतो. दुसरं, त्याच दिवशी त्याला एक दाखला द्यावा, की या माणसाने ओळखचोरीची तक्रार केली आहे. तो दाखवला की तपास होईपर्यंत वसुली बंद. तिसरं, राज्याच्या स्वतःच्या कार्यालयांनी झेरॉक्सांचे गठ्ठे जमवणं थांबवावं.

बँका राज्याच्या हातात नाहीत, हे मला कळतं. पण विधिमंडळ केंद्राकडे ठराव करून तरी धाडू शकतं. खात्यातून परस्पर पैसे गेले तर दोष ग्राहकाचा आहे हे बँकेने सिद्ध करायचं, असं रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात म्हटलं होतं. मग परस्पर कर्ज चढलं तर तोच न्याय का नको? 2023 मध्ये आणखी एक नियम झाला, की पतनोंदीबद्दलची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई. शंभर रुपये! ठाण्यात चार हेलपाटे घातले की रिक्षातच संपतात.

चोराला किती वर्षं द्यायची ती द्या, माझं काही म्हणणं नाही. पण पुढच्या वेळी सभागृहात कुणी 'कडक' म्हणाला, की आपापल्या आमदाराला एवढंच विचारा: साहेब, चोराची वर्षं मोजलीत, ज्याचं नाव गेलं त्याचे दिवस कुणी मोजायचे?