अठरा विश्वे म्हणजे किती?



जव्हार-मोखाड्याचे नाव निघाले की पाठोपाठ 'अठरा विश्वे दारिद्र्य' हे शब्द येतातच. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हापासून तर हा शिक्का आमच्या कपाळावरून पुसलाच गेलेला नाही. पुढारी तो असा उच्चारतात, की जणू अठरा ब्रह्मांडे भरून उरेल एवढे दारिद्र्य! एवढ्या अफाट गोष्टीला कोण काय करणार? ती देवाने दिली, नशिबात लिहिली. झाले, सुटले सगळे.

आमचे म्हणणे असे, की या शब्दात विश्व नाहीच. विश्वा म्हणजे विसावा हिस्सा. उत्तरेत अजून जमिनीच्या बोलण्यात वीस बिस्व्यांचा एक बिघा होतो. आपल्याकडच्या जुन्या मोजणीतही बिघा वीस पांडांचा. वीस विश्वे म्हणजे पुरेपूर, आणि अठरा विश्वे म्हणजे विसातले अठरा हिस्से. 'सोळा आणे खरे' हे याच जातीचे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे गेले, पण आजोबांनी ते हाताळलेले, म्हणून तो हिशेब अजून कळतो. विश्वा कोणी पाहिला नाही, म्हणून त्याचे विश्व झाले.

दुसराही अर्थ सांगतात. अठरा विसे तीनशेसाठ, म्हणजे तिथींच्या वर्षाचे सगळे दिवस. बारा महिने दारिद्र्य. आमच्या भागात हा अर्थ पटकन पटतो. भात, नागली, वरई घरात येते, दिवाळी होते, आणि कणगीचा तळ दिसू लागला की भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर बिऱ्हाड निघते. उचल आधीच घेतलेली. ती फिटेतो पाऊस तोंडावर. तरी आम्हाला पहिला अर्थ जवळचा वाटतो, कारण 'विश्वे' हा शब्द त्यात मोडतोड न करता बसतो.

कोणताही घ्या, दोन्हींत मोजणी आहे. हा शब्द ज्याने प्रथम वापरला तो हिशेबी माणूस असावा. आणि एकदा हिस्से मोजले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कमी पडलेले अठरा हिस्से गेले कोठे? पुढाऱ्यांना नेमका हाच नको असतो. मोखाड्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण २०१४ साली पुरे झाले. पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. यात ब्रह्मांडाचे कोडे ते कसले!

वनजमिनीचेही तसेच. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो, की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी जी वनजमीन प्रत्यक्ष कसतो तिच्यावर चार हेक्टरपर्यंत त्याचा हक्क मान्य करायचा. पट्टे मिळालेही. पण कित्येकांच्या हाती पडले ते गुंठ्यांत. साहेब मोजून गेले, आपण अंगठा दिला, कागद ट्रंकेत ठेवला. बांधापासून बांधापर्यंत दोरी आपण कधी धरली?

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना पट्टा बरोबर आणा. त्याआधी गावातल्या चार जणांना घेऊन आपले शेत मोजून या, आणि आकडा लिहून आणा. कसतो किती आणि कागदावर किती, याचे वीस हिस्से तेथेच बसून पाडू.