फुले पाहण्यास मोटार का लागावी?

सांगलीच्या हळदपेठेत हमाली करणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. गेल्या भाद्रपदात त्यांनी मला विचारले, "सर, कासची फुले बघायला मोटार लागते म्हणे. खरे का?" मी तीस वर्षे सांगलीत अर्थशास्त्र शिकविले, परंतु इतका नेमका प्रश्न मला परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत क्वचितच भेटला असेल. त्यांची मुलगी शाळेत तेरड्याचे आणि सीतेच्या आसवांचे चित्र पाहून आली होती आणि बापाकडे हट्ट धरून बसली होती. भाड्याच्या मोटारीचा एका दिवसाचा खर्च म्हणजे त्यांची कित्येक दिवसांची मजुरी. ते गेले नाहीत. त्यांना कोणी अडविले नाही हे खरे. तथापि, ज्या व्यवस्थेत कोणी न अडविताही गरीब माणूस दाराबाहेरच राहतो, तिचे परीक्षण करणे हे समाजवाद्यांचे काम आहे.

सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, यवतेश्वरचा घाट चढून गेले की कासचे पठार लागते. जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरात पावसाळ्याच्या अखेरीस काही आठवडे फुले येतात. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली, त्यांत कास आहे. त्यानंतर गर्दी इतकी वाढली की हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणि संगणकावरून आगाऊ नोंदणी अशी व्यवस्था करावी लागली. ही मर्यादा आवश्यक आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु एकदा वस्तू मर्यादित झाली की तिच्या वाटपाचा प्रश्न उभा राहतो, हे अर्थशास्त्राचे पहिले सूत्र. धान्य मर्यादित असेल तर आपण शिधापत्रिका मागतो. कासच्या बाबतीत मात्र वाटप कोण करते? ज्याच्यापाशी मोटार आहे आणि नोंदणीचे यंत्र हाताशी आहे, तो आत, बाकीचे घरी. आणि या वाटपाला आपण 'पर्यटनाचा विकास' असे गोंडस नाव दिलेले आहे.

आता थोडे अंकगणित पाहू. ३,००० माणसे मोटारीने आली आणि एका मोटारीत चारजण बसले, असे धरले तर ७५० मोटारी झाल्या. एका मोटारीस उभे राहण्यास व वळण्यास २५ चौरस मीटर जागा धरली तर १८,७५० चौरस मीटर, म्हणजे साडेचार एकरांहून अधिक जमीन केवळ मोटारी उभ्या करण्यास हवी. आणि तीही ज्या डोंगरमाथ्यावर मातीचा प्रत्येक कण मोलाचा आहे तेथे. तीच माणसे एसटीने आली, एका गाडीत चाळीसजण बसले, तर ७५ फेऱ्या पुरतात. एका गाडीने दिवसात तीन फेऱ्या केल्या तर २५ गाड्या पुरे होतील. अवघ्या २५! आषाढी वारीसाठी २०२४ साली एसटीने पंढरपूरला सुमारे ५,००० जादा गाड्या सोडल्या. त्याचा अर्धा टक्का कासला देता येत नाही, असे कोणी म्हणत असेल तर ती अडचण गाड्यांची नसून इच्छेची आहे.

रविवारी यवतेश्वरच्या घाटात किंवा वाईवरून पाचगणीस चढणाऱ्या पसरणीच्या घाटात मोटारींची रांग लागते, तेव्हा वृत्तपत्रे लिहितात, 'पर्यटकांची गर्दी'. हे निदान चुकीचे आहे. ती गर्दी पत्र्याची आहे. चुकीच्या निदानातून चुकीचे औषध निघते: रस्ता रुंद करा, डोंगर कापा, वाहनतळ वाढवा. रुंद रस्ता आणखी मोटारींना बोलावतो आणि काही वर्षांत रांग पुन्हा तेवढीच होते. दरम्यान डोंगर मात्र कापलेला राहतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, दरडी कोसळल्या आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट बंद पडला. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. कागदावर संवेदनशील आणि रस्त्यावर बेपर्वा, अशी आपली रीत आहे.

या रीतीस इतिहासही आहे. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर जॉन मालकम याने सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा मिळविली आणि मालकमपेठ वसविली. चिनी व मलायी कैदी आणून त्यांच्याकडून रस्ते बांधून घेतले, भाजीपाला पिकवून घेतला. डोंगर साहेबाच्या विश्रांतीसाठी आणि कष्ट इतरांसाठी, अशी ती वाटणी होती. साहेब गेला, त्याच्या पालखीची जागा मोटारीने घेतली.

स्वातंत्र्यानंतर या वाटणीस छेद देणारी एक गोष्ट आपण निर्माण केली होती. १ जून १९४८ रोजी पुणे ते त्या वेळचे अहमदनगर या मार्गावर पहिली एसटी धावली. 'गाव तेथे एसटी' हे ब्रीद म्हणजे समतेचा एक व्यावहारिक जाहीरनामाच होता. आज तिची काय दशा आहे? कोरोनापूर्वी सुमारे १८ हजार असलेला गाड्यांचा ताफा पुढे १५ हजारांच्या आसपास घसरला. २०२१-२२ मध्ये कर्मचाऱ्यांना महिनोन्महिने संप करावा लागला. शिवाय एसटीच्या भाड्यावर राज्य सरकार वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर वसूल करीत आले आहे. मोटारमालक वाहन घेताना एकरकमी कर भरून मोकळा होतो. एसटीने जाणारी शेतमजूर स्त्री मात्र प्रत्येक तिकिटास कर भरते. मोटारमालक इंधनावरही कर भरतो, असे कोणी म्हणेल. मग एसटी काय पाण्यावर चालते? २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या भाड्याची सवलत मिळाली, तिचे स्वागत आहे. परंतु जेथे गाडीच जात नाही तेथे अर्धे भाडे कशाचे?

आक्षेप तीन येतात. पहिला असा की, एसटी तोट्यात आहे. उत्तर असे की, तोट्याचे मार्ग एसटीने सांभाळावयाचे आणि भरगच्च हंगामी मार्ग खासगी वाहनांस सोडावयाचे, अशी विभागणी केल्यावर तोट्याखेरीज दुसरे काय उरणार? कास व महाबळेश्वरचे हंगामी मार्ग हे दुर्गम खोऱ्यांतील फेऱ्यांचा भार सोसू शकतील असे मार्ग आहेत.

दुसरा आक्षेप स्थानिकांच्या रोजगाराचा. तो गंभीर आहे आणि धुडकावून लावण्यासारखा नाही. महाबळेश्वरचे टॅक्सीवाले श्रमिकच आहेत. परंतु त्यांचे खरे प्रतिस्पर्धी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या खासगी मोटारी आहेत. त्या वाईस थांबल्या तर वरच्या फिरण्यासाठी टॅक्सीवाल्यांस काम वाढेल; दर माणशी ठरावीक भाडे असावे, एवढीच अट. माथेरानात मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. तेथील पर्यटन बुडाले नाही. मात्र तेथे मोटारीऐवजी माणसाने माणूस ओढण्याची रिक्षा चालू राहिली आणि ती बंद करण्यासाठी २०२५ साली सर्वोच्च न्यायालयास आदेश द्यावा लागला. मोटार थांबविल्यावर भार कोणाच्या खांद्यावर जातो, हेही पाहिले पाहिजे.

तिसरा आक्षेप खासगीत कुजबुजला जातो: सामान्य लोक आले तर फुले तुडवतील. ३,००० ची मर्यादा कायमच राहणार आहे. मग हा आक्षेप गर्दीवर नसून माणसांच्या वर्गावर आहे, आणि त्याला उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही.

या सर्व चर्चेत ज्यांचा उल्लेख होत नाही ते लोक कासच्या पलीकडे राहतात. हाच रस्ता पुढे बामणोलीस जातो. कोयनेच्या धरणात जमिनी गेल्या, शिवसागराचे पाणी दारापर्यंत आले, आणि त्या विजेवर शहरे उजळली. बामणोली-तापोळा भागातील माणसांस आजही लाँचची आणि मोजक्या एसटी फेऱ्यांची वाट पाहावी लागते. हंगामातील रविवारी दवाखान्यात निघालेला रुग्ण सहलीच्या मोटारींच्या मागे अडकतो. आता सातारा, पाटण व जावळी तालुक्यांतील २३५ गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्प पुढे आला आहे. या प्रकल्पात मोटारीसाठी रस्ता आणि माणसासाठी घोषणा, असे होणार नाही याची हमी कोण देणार?

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. कासच्या हंगामात खासगी मोटारी साताऱ्यातच थांबवाव्यात. आजही वाहनतळापासून पठारापर्यंत बसने नेण्याची पद्धत आहे. म्हणजे तत्त्व मान्य झालेलेच आहे, वाहनतळ तेवढा डोंगराखाली आणावयाचा आहे. सातारा स्थानक शहराबाहेर माहुलीच्या बाजूस आहे. सांगली-मिरजेकडून येणाऱ्या रेल्वेगाड्यांच्या वेळा धरून तेथून थेट एसटी सुटावी. रोजच्या प्रवेशांपैकी निम्मे प्रवेश एसटीच्या तिकिटाबरोबर खिडकीवर मिळावेत. महाबळेश्वरसाठी वाठार स्थानक व वाई येथून हीच व्यवस्था व्हावी, आणि मोटारींकडून घेतलेले शुल्क एसटीस द्यावे. या मार्गांवरील प्रवासी कर रद्द व्हावा. आणि हंगाम संपल्यावर याच गाड्या जावळीच्या खोऱ्यांत बारमाही धावाव्यात.

सातारा व सांगली हे १९४९ पर्यंत एकच जिल्हा होते. प्रतिसरकारचा लढा या दोन्ही भागांनी मिळून दिला. दोन्ही जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी पुढील हंगामापूर्वी ग्रामसभांतून ठराव करावेत, शिष्टमंडळे आगारांत व जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यावीत. हळदपेठेतील त्या गृहस्थांस मी सांगितले आहे की, पुढल्या भाद्रपदात आपण दोघे मुलीला घेऊन एसटीनेच जाऊ. तोवर गाडी सुरू करून घेणे हे आपणा सर्वांचे काम आहे.