आवडत्या सिनेमांची यादी की बायोडेटा?

आपल्या वयाच्या कुठल्याही आयटीवाल्याला "तुझे ऑल टाइम फेव्हरिट दहा सिनेमे सांग" म्हणून बघा. त्याची यादी मी आधीच लिहून ठेवतो. शॉशँक रिडेम्प्शन. गॉडफादर (पहिला की दुसरा यावर पाच मिनिटं चर्चा). नोलनचा एक, शक्यतो इंटरस्टेलर, म्हणजे विज्ञानही आलं. एक कोरियन, बहुतेक पॅरासाइट, म्हणजे आपण सबटायटल्स वाचून सिनेमे बघतो हेही समोरच्याला कळलं. मग स्वदेस, थ्री इडियट्स, तारे जमीं पर. उरलेल्या तीन जागांवर ज्याचे त्याचे हट्ट. आणि मराठी? "अरे हो, मराठी राहिलंच की!" मग सैराट नाहीतर बनवाबनवी, अकरावा नंबर म्हणून. दुकानदार सुटे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवतो ना, तसं.

मंडळी, ही आवडीची यादी नाही. हा बायोडेटा आहे. आपण काय पाहिलं यापेक्षा आपण कोण आहोत असं लोकांना वाटावं, ते यात लिहिलेलं असतं. बायोडेट्यात जसं प्रत्येकजण 'टीम प्लेयर' असतो, तसा यादीत प्रत्येकजण शॉशँकवाला.

आता त्या यादीतले नायक एकदा ओळीने उभे करा. शॉशँकमध्ये एक हुशार बँकर, अख्ख्या तुरुंगापेक्षा आणि जेलरपेक्षाही हुशार. स्वदेसमध्ये नासातला प्रोजेक्ट मॅनेजर. थ्री इडियट्समध्ये इंजिनीअर. तारे जमीं परमध्ये व्यवस्थेला न कळलेला गुणी मुलगा, आणि लहानपणी आपणही तसेच होतो अशी आपल्यापैकी प्रत्येकाची खात्री आहे :-) थोडक्यात काय, सगळीकडे नायक आपणच. आपण सिनेमे निवडलेले नाहीत, आरसे निवडलेत. आणि तेही असे आरसे, ज्यात आपण जरा गोरेच दिसतो.

हे कुठे फार ठळक दिसतं सांगू? पाचगणीला. शनिवारी पहाटे पुण्याहून निघून टेबललँडवर फोटो काढायला जाणारे आपण सगळे या यादीचे मालक. तारे जमीं परमधली बोर्डिंग शाळा म्हणजे पाचगणीचं न्यू एरा हायस्कूल. २००७ च्या डिसेंबरात सिनेमा आला आणि त्यानंतर ते नाव सिनेमावाल्यांच्याही ओळखीचं झालं. पसरणीचा घाट उतरून वाईत या, तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, वसईहून आणलेली ती मोठी घंटा. स्वदेसमधलं चरणपूर ते हेच. म्हणजे आपल्या दहातले दोन सिनेमे एका घाटाच्या वर-खाली घडलेत, सकाळचा चहा संपायच्या आत दोन्हीकडे जाऊन येता येईल इतक्या अंतरावर.

पण चरणपूर कुठे आहे? उत्तर प्रदेशात! गंगाजल (२००३) मध्ये वाई बिहारचं तेजपूर झाली, दबंग (२०१०) मध्ये पुन्हा उत्तर प्रदेशचं लालगंज. ज्या गावात बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश संपादित केला, ते गाव पडद्यावर सतत दुसऱ्या राज्याचं नाव लावून उभं असतं. यात सिनेमावाल्यांचा काही दोष नाही. मुंबईपासून जवळ, दगडी घाट, नदी, जुने वाडे, वर डोंगर. कोणीही येईल. तक्रार आपल्याबद्दल आहे. वाईचा घाट आपल्या यादीत आला तो पार्श्वभूमी म्हणून. त्या घाटावर राहणारी माणसं, त्यांचा ऊस, त्यांचे कारखाने, त्यांच्या भानगडी, यातलं काही यादीत आलं नाही. ते कुठल्या सिनेमात होतं हे तरी आपल्याला माहीत आहे का?

होतं. सामना. १९७५. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला. त्या वर्षी बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि गावात कुठून तरी येऊन पडलेला दारुडा मास्तर म्हणजे श्रीराम लागू. सातारा-सांगलीकडच्या माणसाला हे जग ओळखायला पाटी वाचावी लागत नाही.

आता स्वदेस आणि सामना शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीत बाहेरचा शिकलेला माणूस गावात येतो. मोहन भार्गव येतो, पाण्यावर वीज तयार करतो, दिवा लागतो, म्हातारीचे डोळे चमकतात, आपलेही भरून येतात. मास्तर येतो आणि काहीच बांधत नाही. तो फक्त मारुती कांबळेचं काय झालं, हे विचारत राहतो. दिवा लावणारा माणूस गावाला हवा असतो. प्रश्न विचारणारा कुणालाच नको असतो, गावाला नाही आणि प्रेक्षकालाही नाही. पहिला सिनेमा आपल्या यादीत आहे, दुसरा नाही. का, ते आता वेगळं सांगायला नको.

स्वदेसला मी नावं ठेवत नाहीये हं. चांगला सिनेमा आहे तो. थिएटरात फारसा चालला नाही, पुढे टीव्हीने आणि लॅपटॉपने जगवला. आणि त्यातही एक हरिदास आहे. भाड्याचे पैसे आणायला मोहन त्याच्याकडे जातो आणि पैसे न घेता परत येतो. त्या प्रसंगात मोहन नायक नाही, निरुत्तर आहे. पण आपल्याला आठवते ती गाडी, ते गाणं, नासाची इमारत. आरसा नसलेला तुकडा आपण बरोबर कापून टाकतो.

"अरे पण हे सिनेमे जगाने ठरवलेत, आम्ही नाही," असं कोणी म्हणेल. म्हणजे आयएमडीबीने. चला, ते सूत्र बघू, आपल्याला गणिताची भीती नाही. टॉप २५० साठी सिनेमाची स्वतःची सरासरी आणि सगळ्या सिनेमांची एकत्र सरासरी यांचं मिश्रण करतात. मतं कमी, तर एकत्र सरासरीकडे ओढ जास्त. यादीत यायला किमान २५,००० मतं लागतात, आणि मिश्रणाचं मापही तेच. समजा एकत्र सरासरी ७ आहे आणि एका जुन्या मराठी सिनेमाला एक हजार लोकांनी सरासरी ८.५ दिलेत. सूत्रातून बाहेर पडतात ७.०६. दीड गुणाची आघाडी जवळजवळ पूर्ण साफ! आणि २५,००० चा उंबरठा तर लांबच राहिला.

सूत्र चूक नाही. चार मित्रांनी दहापैकी दहा दिले म्हणून कोणी वर चढू नये, यासाठी ते ठीकच आहे. पण ते 'किती लोकांनी पाहिला' आणि 'किती चांगला आहे' या दोन गोष्टी एकाच भांड्यात घालतं. अशा यादीवरून आपली आवड ठरवणं म्हणजे हॉटेलाबाहेरची रांग बघून आपल्याला भूक किती लागलीय ते ठरवणं.

बरं, जाणकारांची यादी तरी अढळ असते का? ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी मतदान घेतं. पहिल्या वेळी जिंकला बायसिकल थीव्ज, तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा होता. १९६२ ते २००२ सलग पाच वेळा सिटिझन केन. २०१२ मध्ये व्हर्टिगो. २०२२ मध्ये शांताल आकरमनचा जान दिएलमान (१९७५), ज्यात एक बाई तीन तासांहून जास्त वेळ बटाटे सोलते, भांडी घासते, स्वयंपाक करते. त्या दहा वर्षांत सिनेमे बदलले नव्हते. मत देणारे बदलले, ८४६ चे सोळाशेच्या वर गेले. सर्वकालीन म्हणजे काय, तर पुढच्या मतदानापर्यंत!

आणि आपल्याकडे? २०२२ मध्येच फिप्रेसी या समीक्षकांच्या संघटनेच्या भारतीय शाखेने सर्वोत्तम दहा भारतीय सिनेमे निवडले. पथेर पांचाली पहिला. दहात तीन बंगाली, पाच हिंदी, एक मल्याळी, एक कन्नड. मराठी शून्य. राजा हरिश्चंद्र ज्यांनी काढला त्यांच्या भाषेचा एकही नाही, संत तुकाराम नाही, सामना नाही, कोर्ट नाही. याबद्दल समीक्षकांना शिव्या घालणं सोपं आहे. पण ज्या भाषेचा माणूसच आपला सिनेमा अकरावा सांगतो, त्या भाषेसाठी दुसऱ्याने का भांडावं?

"त्याने काय फरक पडतो? टाइमपास तर आहे यादी." फरक पडतो. यादी म्हणजे मत असतं. ज्याचं नाव लोक घेत राहतात त्याची प्रत कोणीतरी शोधतं, धुतं, पुन्हा दाखवतं. त्या दहांतला कन्नड सिनेमा घटश्राद्ध (१९७७). त्याची नीट दुरुस्त केलेली प्रत २०२४ मध्ये व्हेनिसला दाखवली गेली. यादीमुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण नाव कुणाच्या तोंडीच नसतं तर?

तर काय होतं तेही माहीत आहे. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये कोल्हापुरात सावकारी पाश काढला. सावकाराकडे जमीन गमावून शहराकडे निघालेला शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. भारतीय वास्तववादी सिनेमाची सुरुवात म्हणून पुस्तकात त्याचं नाव येतं. सिनेमा मात्र नाही. तो मूकपट हरवला, संपला. आपला हरिदास पडद्यावर आला त्याच्या ७९ वर्षं आधी त्याचा मोठा भाऊ येऊन गेला होता, आणि तो आता कोणालाच, कधीच दिसणार नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, जुन्या प्रभातच्या जागेत, आग लागून नायट्रेट फिल्मची रिळं जळाली. तेव्हा 'सर्वकालीन' म्हणताना जरा जपून. काळ आपल्या यादीची वाट बघत बसत नाही.

आता काहीजण म्हणतील, म्हणजे तुला मराठीचा कोटा हवाय. अजिबात नाही. कोट्याने घातलेला सिनेमा म्हणजे पुन्हा बायोडेटाच, फक्त भाषा बदलली. आणि "आवड ज्याची त्याची, तू कोण सांगणारा?" हेही मान्य. अगदी हेच तर म्हणतोय! तुझी आवड सांग. आयएमडीबीची मला पाठ आहे.

माझ्यापुरते मी तीन नियम केलेत. पटले तर घ्या.

१. जो आपणहून दुसऱ्यांदा पाहिला नाही तो यादीत नाही. 'ग्रेट आहे रे, पण परत बघवत नाही' वाले सगळे इथेच गळतात. आणि अशी ही बनवाबनवी (१९८८), ज्याचे संवाद आपण पँट्रीत रोज फेकतो, तो लाज न बाळगता आत येतो.

२. क्रमांक द्यायचे नाहीत. साइट अँड साउंडचे मतदारही फक्त दहा नावं देतात, तुमची लढाई सहाव्या आणि सातव्या नंबरची कसली?

३. निदान एक सिनेमा असा हवा, जो आपल्याला ओळखतो आणि आपल्यावर खूश नाही.

तिसरा नियम सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा. फँड्रीत (२०१३) शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्या दिशेने येतो. कोर्टमध्ये (२०१४) सरकारी वकीलबाई दिवसभर एका लोकशाहिराविरुद्ध बाजू मांडतात, मग घरी येऊन स्वयंपाक करतात, सुट्टीला कुटुंबासोबत मराठी नाटक बघायला जातात. ते घर आपलं आहे. त्या बाई दुष्ट नाहीत, आपल्याच कुणाच्या तरी मावशी आहेत. हा आरसाही आरसाच आहे की. फक्त यात आपण गोरे दिसत नाही.

माझी यादी? सामना, सिंहासन, फँड्री, कोर्ट, संत तुकाराम, बनवाबनवी, पथेर पांचाली, बायसिकल थीव्ज, प्यासा. आणि स्वदेस, हरिदाससकट. शॉशँक काढला. त्याला माझ्या मताची गरज नाही, त्याच्याकडे लाखो मतं आहेत.

तुम्हाला यातले पाच पटणार नाहीत. उत्तम! त्या पाचांच्या जागी तुमचे खरे पाच घाला आणि मग भांडायला या. पुढच्या वेळी पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात ट्रॅफिक असणारच आहे, तेवढा वेळ भांडणाला पुरेल.