बोटांची तालीम

'तालीम' हा शब्द तुम्ही घरी आणि शाळेत नेहमी ऐकता. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. हाच शब्द मराठीत आला आणि त्याने इथे दोन-तीन घरे केली. पहिलवान जिथे जोर-बैठका काढतात आणि कुस्ती शिकतात, ती जागा म्हणजे तालीम. नाटकाचा प्रयोग होण्याआधी जो सराव करतात, तीही तालीम. आणि उस्तादाने शागिर्दाला दिलेले गाण्याचे किंवा वाद्याचे शिक्षण, तीसुद्धा तालीमच! म्हणजे दंड फुगवणारा पहिलवान आणि सूर लावणारा गवई हे दोघे एकाच शब्दात राहतात.

शब्दाला हे चालते. पण एकाच माणसाने दोन्ही तालमी केल्या तर? वाद्य वाजवणाऱ्याने वजने उचलावीत का? मी इथे पियानोचे उदाहरण घेतो, कारण बोटांच्या ताकदीचा हा वाद पियानो वाजवणाऱ्यांत फार जुना आहे.

काही जण म्हणतात, "वजने उचलली की बोटे राठ होतात, हात जड होतो. कलावंताने तालमीच्या वाटेला जाऊ नये." दुसरे म्हणतात, "बोटांत ताकद नसेल तर वाजवणार कसे? बोटे पोलादासारखी हवीत." मला ही दोन्ही मते पटत नाहीत. पियानो वाजवणाऱ्याने पाठ, खांदे आणि पाय यांची कसरत जरूर करावी. झेपेल तसे वजनही उचलावे. पण बोटांना वेगळे ओझे लावून ती मजबूत करण्याच्या नादी लागू नये. असे मी का म्हणतो, ते सांगतो.

आधी पियानो कसा वाजतो ते पाहू. बाजाची पेटी, म्हणजे हार्मोनियम, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. कव्वालीच्या मैफलीत ती असतेच. पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात दाबा, आवाज तेवढाच येतो. तो लहानमोठा होतो भात्यामुळे. पियानोला भाता नसतो. त्याच्या पोटात पोलादी तारा घट्ट ताणून बसवलेल्या असतात. बाहेर ८८ पट्ट्या असतात. पट्टी दाबली की आतली एक लहान हातोडी उडते आणि तारेवर आपटते. हातोडीचे डोके लोकरीच्या नमद्याने मढवलेले असते. इटलीतील फ्लॉरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने १७०० सालच्या सुमारास हे वाद्य तयार केले.

या रचनेत एक मोठी गंमत आहे. हातोडी तारेला लागण्याच्या क्षणभर आधी पट्टीपासून सुटते. कॅरम खेळताना स्ट्रायकर एकदा बोटापासून सुटला, की त्याच्यावर तुमची हुकमत राहत नाही. अगदी तसेच इथे होते. म्हणून पियानोत महत्त्व असते ते हातोडीच्या वेगाला. पट्टी खाली गेल्यावर ती कितीही रेटून धरा, आवाजात काडीचाही फरक पडत नाही. जोर वाया जातो आणि बोट थकते ते वेगळेच.

आता ही पट्टी किती जड असते? तिच्यावर सुमारे ५० ग्रॅम वजन ठेवले की ती हळूच खाली जाते. ५० ग्रॅम म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याएवढे वजन. आणि ती खाली जाते तीही जेमतेम एक सेंटिमीटर. सात-आठ वर्षांच्या मुलाचे बोटसुद्धा हे काम सहज करते. मोठा, गर्जणारा आवाज काढायचा असेल तर जास्त जोर लागतो, हे खरे. पण तो जोर खांद्यातून आणि दंडातून येतो. बोटाने तो फक्त पट्टीपर्यंत पोचवायचा आणि लगेच सैल व्हायचे. हे सैल होणेच शिकायला कठीण असते.

आता तुमच्याच हाताकडे पाहा. बोटांच्या आत हालचाल करणारे स्नायू नसतात, हे तुम्हांला माहीत आहे का? बोटे हलवणारे स्नायू काही तळहातात असतात आणि मोठे स्नायू कोपराच्या खाली, हाताच्या पुढच्या भागात असतात. तिथून दोरीसारखे स्नायुबंध निघून बोटांपर्यंत जातात. कठपुतळीचा खेळ पाहिला असेल, तर हे लगेच समजेल. पुतळी नाचते खाली आणि तिला नाचवणारा हात असतो वर.

एक प्रयोग करा. तळहात बाकावर पालथा ठेवा. मधले बोट आत दुमडून तळहाताखाली घ्या. आता एकेक बोट वर उचला. अंगठा उचलला जाईल. पहिले बोट उचलले जाईल. करंगळीही उचलली जाईल. पण करंगळीशेजारचे बोट, म्हणजे अनामिका, जागची हलणार नाही किंवा अगदी थोडी हलेल. ती कमजोर आहे म्हणून असे होते का? नाही. तिचा वर ओढणारा स्नायुबंध शेजारच्या बोटांच्या स्नायुबंधांशी जोडलेला आहे. शेजारी बांधलेला असला की तीही बांधली जाते. निसर्गाने केलेली ही जोडणी कसरत करून सुटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही डॉक्टरांनी पियानोवादकांच्या हातातील ही जोडणी शस्त्रक्रियेने कापूनसुद्धा पाहिली! माणूस हट्टाला पेटला की काय करील, याचा नेम नसतो.

हा हट्ट आला कोठून? क्रिस्तोफोरीच्या काळातले पियानो हलके होते. पुढे दिवाणखान्याची जागा मोठ्या सभागृहांनी घेतली. आवाज दूरवर पोचावा म्हणून पियानोत लोखंडी चौकट आली, तारा जाड झाल्या, पट्ट्या जड झाल्या. मग बोटे मजबूत करण्याचे वेड पसरले. योहान लोगिअर नावाच्या संगीतशिक्षकाने १८१४ साली हात चौकटीत अडकवून ठेवणाऱ्या एका यंत्राचे पेटंट घेतले. अशी आणखीही यंत्रे पुढे निघाली. कोणी बोटांना स्प्रिंगा बांधल्या, तर कोणी कड्या.

याच काळात जर्मनीत रॉबर्ट शूमान नावाचा एक तरुण होता. त्याचा जन्म १८१० सालचा. घरच्यांनी त्याला वकिलीच्या अभ्यासाला घातले होते. १८३० साली फ्रँकफुर्ट शहरी त्याने पागानिनी या प्रसिद्ध व्हायोलिनवादकाचे वादन ऐकले. मग त्याचे मन वकिलीत रमेना. लाइपझिग शहरात फ्रीडरिख व्हीक हे पियानोचे शिक्षक होते. त्यांनी रॉबर्टच्या आईला पत्र लिहून कळवले, की मुलाने नीट मेहनत घेतली तर तीन वर्षांत मी त्याला मोठ्या पियानोवादकांच्या रांगेत बसवीन. रॉबर्ट त्यांच्या घरीच राहायला गेला.

वीस वर्षांचा मुलगा, आणि मुदत तीन वर्षांची. इतर मुले लहानपणापासून शिकलेली. आपण मागे पडलो आहोत, ही टोचणी त्याला लागली असणार. तो तासन्‌तास वाजवू लागला. उजव्या हाताचे मधले बोट मनासारखे चालेना, म्हणून त्याने एक साधन वापरले. त्याच्या रोजनिशीत त्याचा उल्लेख आहे. तो त्याला 'सिगार-यंत्र' म्हणे. बोट सुधारले नाही. उलट ते त्याचे ऐकेनासे झाले. डॉक्टरांनी नाना उपाय सांगितले. वनस्पतींचे लेप झाले, दारूने हात धुणे झाले. नुकत्याच कापलेल्या जनावराच्या पोटात हात घालून बसणे, हाही त्यातलाच एक उपाय होता. कशाचाही उपयोग झाला नाही. १८३२ साल संपण्याआधीच त्याने पियानोवादक होण्याची आशा सोडली. तेव्हा तो २२ वर्षांचा होता.

सगळा दोष त्या यंत्राचाच होता, असे म्हणणे बरोबर नाही. आज अनेक डॉक्टरांना वाटते, की त्याला एक मज्जाविकार झाला असावा. या विकारात स्नायू धडधाकट असतात. पण अती सरावाने मेंदू आणि बोट यांच्यातला निरोप बिघडतो. बोट आपोआप वळते किंवा ताठ होते. हे खरे धरले, तरी माझा मुद्दा कायम राहतो. बोटात ताकद कमी नव्हती. बिघाड निरोपात होता, आणि तो ओझे लावून कसा दुरुस्त होणार?

त्याच घरात आणखी एक विद्यार्थिनी होती. व्हीक यांची मुलगी क्लारा. ती रॉबर्टपेक्षा नऊ वर्षांनी लहान. वडील तिच्या बाबतीत कडक होते, पण त्यांचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. ते तिला रोज ठरावीक वेळच पियानोसमोर बसवत आणि रोज मोकळ्या हवेत लांब फिरायला नेत. क्लाराने नवव्या वर्षी लोकांसमोर वाजवले आणि १८९१ सालापर्यंत ती वाजवत राहिली. म्हणजे साठ वर्षांहून जास्त! १८७४ च्या सुमारास तिचाही हात दुखू लागला होता. तेव्हा तिने काही काळ कार्यक्रम बंद ठेवले आणि नंतर पुन्हा सुरू केले. रॉबर्ट पुढे मोठा संगीतकार झाला. १८४० साली त्या दोघांचे लग्न झाले. त्याने लिहिलेला पियानो कन्चेर्टो १८४५ साली ड्रेस्डेन शहरात प्रथम वाजला, तेव्हा पियानोवर क्लारा होती.

आता तुम्ही विचाराल, मग वजने उचलायची कशासाठी? आणखी एक छोटा प्रयोग करा. पाठ ताठ ठेवून बसा. दोन्ही हात पियानोवर ठेवल्यासारखे पुढे धरा. पाच मिनिटे तसेच बसा. बोटे थकली का? नाही. खांदे आणि मान दुखू लागली. साठ किलो वजनाच्या माणसाचा एक हात सुमारे तीन किलोचा असतो. असे दोन हात मैफलीत दीड-दोन तास तोलून धरायचे असतात. पाठीत आणि खांद्यांत बळ नसेल तर माणूस पुढे झुकतो, खांदे वर चढतात, मनगट ताठ होते. त्याची शिक्षा शेवटी बोटांना मिळते. म्हणून जोर, बैठका, हलक्या डंबेल्सचे व्यायाम, पोहणे हे सारे पियानोवाल्याच्या उपयोगाचे आहे. जोर काढताना मनगट दुखत असेल, तर भिंतीला हात टेकून काढावेत. त्यात कमीपणा नाही.

वजने उचलल्याने हात कायमचा ताठतो, ही समजूत चुकीची आहे. सांधा पूर्ण हलवून व्यायाम केला, तर लवचीकपणा कमी होत नाही, उलट वाढतो. मात्र जड कसरतीनंतर हात थोडा वेळ थरथरतो आणि पुढे एक-दोन दिवस अंग दुखते. तेव्हा नाजूक काम नीट होत नाही. म्हणून आधी वाजवावे आणि मग कसरत करावी. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जड वजनाला हात लावू नये.

बाजारात मुठीत दाबायची स्प्रिंग मिळते. ती दाबून बोटे चपळ होतील, असे अनेकांना वाटते. कसरतीच्या पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते, ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू त्या हालचालीला सरावल्यामुळे वाढते. ती बरीचशी त्याच हालचालीच्या कामी येते. स्प्रिंग दाबणारा स्प्रिंग दाबण्यात पटाईत होतो. कपडे पिळायला किंवा घट्ट झाकण उघडायला त्याचा फायदा होईल. पण पियानोत पाचही बोटे एकदम आवळायची नसतात. एक दाबायचे, दुसरे सोडायचे, तिसरे तयार ठेवायचे असते.

लहान पंजाही कसरतीने मोठा होत नाही. पियानोवर एका सप्तकाची रुंदी सुमारे साडेसोळा सेंटिमीटर असते. कंपासपेटीतली पट्टी घेऊन अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आपला पंजा मोजून पाहा. योसेफ हॉफमन हे जगप्रसिद्ध पियानोवादक होते. त्यांचे हात लहान होते. त्यांनी बोटे ताणत बसण्यापेक्षा स्टाइनवे कंपनीकडून किंचित अरुंद पट्ट्यांचा पियानो करून घेतला. मला हा मार्ग जास्त पटतो.

शेवटी दुखण्याविषयी. तालमीत थोडे अंग दुखले तर पहिलवान हसतो, कारण ते दोन दिवसांत जाते. वाद्यावर बसलेल्याला हे धोरण महागात पडते. अमेरिकेचे लिऑन फ्लायशर तरुणपणीच फार मोठे पियानोवादक म्हणून नावाजले होते. ते रोज सात-आठ तास वाजवत. १९६४ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आत वळू लागली. तीस वर्षे ते फक्त डाव्या हाताने वाजवत राहिले, शिकवत राहिले, वाद्यवृंदाचे संचालन करत राहिले. १९९० नंतरच्या काळात खोल मालिश आणि स्नायू सैल करणारी इंजेक्शने यांनी त्यांची बोटे थोडी उघडली. लक्षात घ्या, त्या बोटांना बळ द्यायचे नव्हते, ती सैल करायची होती. २००४ साली त्यांच्या नव्या ध्वनिमुद्रणाचे नाव होते 'दोन हात'. २०२० साली त्यांचे निधन झाले. तो विकार पुरता कधीच गेला नाही. ठरावीक काळाने त्यांना इंजेक्शन घ्यावेच लागे.