सांजावची उडी मुलांना कशी सांगावी?

आज २४ जून, गोव्यातील सांजाव. डोक्यावर पानाफुलांचा मुकुट, म्हणजे कोपेल, घुमटाचा ताल, 'व्हिवा सांजाव'चा गजर आणि विहिरीत धडाधड उड्या. हे पाहणारे मूल हमखास विचारते, उडी कशासाठी? "पाऊस आला ना, म्हणून मजा," असे सांगून मोठी माणसे मोकळी होतात. पर्यटनाच्या जाहिरातींचाही सूर हाच. माझ्या मते ही प्रश्नाची बोळवण आहे; खरे उत्तर कितीतरी सुरस आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील कथा अशी. वृद्ध अलीशिबेला दिवस गेले होते. तिची नातलग मरीया, जिच्या उदरी येशू होता, तिला भेटायला आली. मरीयेचे शब्द कानी पडताच अलीशिबेच्या पोटातील बाळाने आनंदाने उडी मारली. ते बाळ म्हणजे योहान. पुढे यार्देन नदीत येशूला बाप्तिस्मा देणारा तोच. पोर्तुगीजांच्या 'सांव जुआंव'चे कोंकणी मुखात सांजाव झाले, आणि विहिरीतील उडी ही गर्भातल्या त्या उडीची आठवण मानली जाते.

तारीख मात्र बायबलमध्ये नाही, हे मुलांपासून लपवू नये. ती हिशेबाने आली. मरीयेला देवदूताचा निरोप मिळाला तेव्हा अलीशिबेला सहावा महिना होता. म्हणजे योहान येशूहून सहा महिन्यांनी मोठा. नाताळ २५ डिसेंबरला, मग हा सण २५ जूनला का नाही? रोमन लोक पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून, तीही धरून, उलटे मोजत. जूनचे दिवस ३०, डिसेंबरचे ३१. त्या गणतीत २४ जून आणि २५ डिसेंबर दोन्ही आठवेच येतात. बोटांवर मोजून पाहा. मुलांनाही मोजू द्या.

"हा तर मूळचा दक्षिणायनाचा उत्सव," असे म्हणून आपल्यातील काही इतिहासप्रेमी येथे विषय मिटवतात. युरोपात या सणाला शेकोट्या पेटतात, त्यांवरून उड्याही मारतात. त्यांत जुन्या ऋतूत्सवांचे अंश असतीलही. पण सूर्याची गोष्ट चर्चने कधी दडवलीच नव्हती. योहानाच्या जन्मापासून दिवस लहान होऊ लागतात आणि येशूच्या जन्मापासून मोठे, हे संत ऑगस्टिन सुमारे १६०० वर्षांपूर्वी प्रवचनांतून उघड सांगत होता. मूळ सापडले की अर्थ संपला, ही समजूत मला तरी उथळ वाटते.

शिवाय गोव्याने यात स्वतःची भर घातली आहे. नवविवाहित जावयाला या दिवशी सासुरवाडीचे आमंत्रण असते आणि विहिरीत उडी घेण्याचा आग्रहही त्यालाच! आपल्या दिवाळसणात जावयाची एवढी परीक्षा नसते. शिवोलीत तर होड्या जोडून सजवलेले सांगोड पाण्यातून मिरवत येतात. त्यांच्याविषयी पुढच्या धाग्यात.