गरिबांस पत आहे की नाही?

घरच्या घरी पापड लाटणाऱ्या अगर शिवणयंत्र चालविणाऱ्या बाईस धंद्यासाठी भांडवल लागते ते किती? पण तेवढ्यासाठीही तिला प्रथम आठवण होते ती सावकाराची, बँकेची नव्हे. दरमहा शेकडा १० या दराने ५०,००० रुपये काढले, तर महिन्यास ५,००० रुपये केवळ व्याजात जातात. बँकेचा दर सालीना शेकडा १२ धरला, तर तेच व्याज ५०० रुपये होते. या ४,५०० रुपयांच्या फरकात धंद्याचा सारा नफा गडप होतो, आणि लोक मात्र म्हणतात की, बाईस धंदा साधला नाही!

गरिबांस पत नसते हा समज अनुभवाने खोटा ठरविला आहे. १९५९ साली गिरगावातील सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातूनच 'लिज्जत'चा देशव्यापी उद्योग उभा राहिला. त्यांच्यापाशी तारण होते ते मेहनतीचे.

आता कायद्याकडे पाहू. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे 'शिशु' कर्ज तारणावाचून द्यावयाचे आहे. लहान उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जास बँकेने तारण मागू नये, व अर्ज नाकारल्यास कारण लेखी कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. उलटपक्षी, परवान्यावाचून सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमान्वये गुन्हा आहे. असे असता 'घराची कागदपत्रे आणा' असे तोंडी सांगून अर्जदारास पुष्कळदा वाटेस लावले जाते. याचे कारण कायदा दुबळा आहे हे नव्हे. अर्जदार अजाण व एकटा आहे, हे होय.

म्हणून आमचे सांगणे असे की, अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि नकार मिळाल्यास तोही लेखीच मागावा. आमच्या व्यापारी वाचकांनी यंत्राचे वा मालाचे दरपत्रक अर्जदारास विनाविलंब द्यावे, जमाखर्च लिहिण्यास शिकवावे, आणि प्रसंगी तिच्याबरोबर बँकेची पायरी चढावी. कर्जदारानेही ध्यानात ठेवावे की, कर्ज म्हणजे देणगी नव्हे; हप्ता बुडविणारा आपल्यामागून येणाऱ्यांचे दार बंद करतो. स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी शेजारच्या घरातील उद्योग व्याजापायी बुडू देणे, हे आम्हांस शोभत नाही.