नदी गावाची, वीज गावाची, भावाचे काय?



'सरकारच्या तोंडाकडे किती दिवस बघणार? गाव एक करा, स्वावलंबी व्हा, भावाचे रडगाणे सोडा.' हा उपदेश आपल्याला नवा नाही. हल्ली त्याला परदेशी दाखले जोडतात. त्यातला एक दाखला आम्ही मुळापासून तपासला. तो खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो.

ब्रिटनमध्ये वेल्स हा डोंगराळ मुलूख आहे. त्याच्या उत्तरेला ओग्वेन नदीच्या खोऱ्यात चार-पाच हजार वस्तीचे बेथेस्डा गाव आहे. ते वाढले छपरावर घालायच्या पाटीच्या दगडाच्या खाणीवर. खाण लॉर्ड पेनऱ्हिनची. १९०० साली सुमारे २८०० खाणकामगार युनियनच्या हक्कासाठी बाहेर पडले. तीन वर्षे टिकले आणि १९०३ साली उपासमारीने हरले. संपात टिकून राहिलेल्या घरांच्या खिडकीत 'या घरात फितूर नाही' अशी पाटी असे. डोंगर गावाचा, घाम गावाचा, आणि पैसा वाड्यावर!

त्याच गावाने आता काय केले? २०१३ साली आसपासच्या तीन स्थानिक परिषदांनी (आपल्या ग्रामपंचायतीच म्हणा) मिळून 'पार्टनेरियाथ ओग्वेन' ही संस्था काढली. तिच्या आधाराने 'अन्नी ओग्वेन', म्हणजे ओग्वेन ऊर्जा, उभी राहिली. २०१६ साली लोकांना भाग विकून भांडवल जमवले आणि २०१७ पासून नदीवर १०० किलोवॅटची वीज तयार होऊ लागली. धरण नाही, बुडीत क्षेत्र नाही. थोडे पाणी पाइपातून खाली आणायचे, चक्र फिरवायचे, पाणी परत नदीला द्यायचे. १०० किलोवॅट म्हणजे आपले पाच अश्वशक्तीचे पंचवीसएक पंप. आकडा लहान आहे, पण मालकी बघा. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. भागधारकांना मर्यादित व्याज, आणि वरची शिल्लक खोऱ्याच्या कामाला.

त्याच सुमारास गावातल्या शंभरेक घरांनी मंडळ केले. जवळच्या दुसऱ्या एका ओढ्यावरची वीज त्यांनी थेट हिशेबात घेतली. अर्ध्या-अर्ध्या तासाचे मीटर वाचन. ओढा वाहतो त्या वेळी वीज वापरली तर दर कमी. विकणाऱ्याला चार पैसे जास्त, घेणाऱ्याला चार पैसे कमी, आणि मधली कटती वाचली!

इथपर्यंतचा दाखला सगळे सांगतात. पुढचा कोणी सांगत नाही. ही वीज परवडली, कारण ब्रिटन सरकारने एप्रिल २०१० पासून अशा लहान उत्पादकांना वीस वर्षांचा ठरलेला दर दिला होता, महागाईबरोबर वाढणारा. शब्द साधा आहे मंडळी: हमीभाव. ३१ मार्च २०१९ नंतर तो नव्या अर्जदारांना बंद झाला. जुन्यांना मिळत राहिला, पण नव्या गावांचे प्रकल्प रोडावले. लोक तेच, नद्या त्याच, एकीही तीच. गेला तो फक्त भाव.

त्याच्या जागी जानेवारी २०२० पासून दुसरी योजना आली. तीत मोठ्या वीज कंपन्यांनी जाळ्यात सोडलेल्या विजेचा दर स्वतः ठरवायचा. अट एवढीच की तो शून्यापेक्षा जास्त असावा. तुमच्या कापसाला शून्यापेक्षा जास्त भाव मिळेल अशी कोणी हमी दिली, तर तुम्ही पऱ्हाटी लावाल काय?

कृषी महाविद्यालयात आम्हाला एकरी उतारा वाढवायला शिकवले. उतारा कोणाच्या घरात जातो, हा प्रश्न परीक्षेला नव्हता. बेथेस्डाने तो प्रश्न सोडवायला घेतला, म्हणून त्या गावाबद्दल आम्हाला आदर आहे. पण तिथलाच अनुभव सांगतो की मालकी हा गाडीचा एक बैल आहे, भाव हा दुसरा. एका बैलावर गाडी ओढायला सांगणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाही तर लबाड.

आपल्याकडे २०२३ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे सांगितले आहे. कोरडवाहू ज्वारीच्या पट्ट्यात ही रक्कम लहान नाही. घेणाऱ्याने जरूर घ्यावी. पण भाडे घेणारा मालक जमिनीचाच राहतो, विजेचा होत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत कोणीही गावविकासाची योजना घेऊन आला, मग तो सरकारी असो की समाजसेवक, त्याला दोनच प्रश्न विचारा. मालक कोण? आणि भाव किती वर्षांसाठी, कोणी बांधून दिला? दोन्हीची उत्तरे कागदावर मिळाली, तरच अंगठा उठवा.